तुंबलेली वाट आधी मोकळी करा, खड्याचे मागाहून बघू

गोठ्यातला बैल उभ्या उभ्या कण्हू लागला, शेपटी वर धरून नुसताच जोर करू लागला आणि खाली थेंबही पडेना, की शेतकऱ्याला दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही. ‘मूत तुंबलं’ एवढे तो ओळखतो आणि रात्र असो की पाऊस, पशुवैद्याचे दार वाजवतो. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने खंडाळा तालुक्यातल्या माणसाला तर ही गोष्ट नवी नाही. बोकडाच्या किंवा गोऱ्ह्याच्या मूत्रमार्गात खडा अडकतो, मूत्राशय फुगत जाते आणि वेळेत वाट मिळाली नाही तर आतल्या आत फुटते. अशा वेळी पशुवैद्य पोटाच्या बाजूने मूत्राशयात नळी बसवून लघवीला आधी दुसरी वाट काढून देतात. जनावर जगले पाहिजे, खड्याचा हिशेब नंतर.

आता हाच प्रकार घरातल्या माणसाला झाला तर आपण काय करतो? पहिल्या दिवशी हुलग्याचे पाणी. दुसऱ्या दिवशी पानफुटीचा पाला. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे एक इंजेक्शन आणि सलाईनची बाटली. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला की ‘बाधलं असंल, बघू उद्या’. आणि पाचव्या दिवशी माणूस बरळायला लागला की मग गाडीची शोधाशोध. बैलासाठी रात्री धावणारा शेतकरी बायकोसाठी किंवा बापासाठी पाच दिवस थांबतो, ते काही माया कमी म्हणून नव्हे. बैलाचे तुंबलेले डोळ्यांना दिसते. माणसाचे मूत्रपिंड तुंबले तर ते आत, पाठीच्या बाजूला, बरगड्यांखाली असते. दुसरे मूत्रपिंड चांगले असेल तर लघवीही होत राहते आणि सगळे ठीक आहे असा भास होतो. न दिसणारे हे तुंबणे ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर कुठे धावायचे, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. आणि धावत गेल्यावर तिथे वाट मोकळी करणारा माणूस असला पाहिजे. या दोन्ही बाबतीत आपल्याकडे ढिलाई आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तुंबते म्हणजे नेमके काय होते?

दोन मूत्रपिंडे रक्त गाळतात. गाळलेली लघवी प्रत्येक बाजूने एकेका बारीक नळीतून मूत्राशयात उतरते. या नळीला मूत्रवाहिनी म्हणतात. तिची लांबी साधारण वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि आतली वाट तीन-चार मिलिमीटरची. ज्वारीच्या दाण्याएवढा खडासुद्धा तिथे बूच बसवू शकतो. वरून लघवी येतच राहते, खाली जायला वाट नाही, मग ती मागे दाबते आणि मूत्रपिंड फुगते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असे लिहून येते ते हेच. मोरीत बोळा बसला की पाटाचे पाणी वरच्या वाफ्यात चढते आणि उभे पीक सडवते, तसाच हा प्रकार आहे.

खडा हे एकच कारण नाही. म्हाताऱ्या माणसात प्रोस्टेटची गाठ वाढून मूत्राशयाच्या तोंडाशीच वाट बंद होते आणि दोन्ही मूत्रपिंडांवर ताण येतो. बाईमाणसात गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग पसरला की तो दोन्ही मूत्रवाहिन्या हळूहळू आवळत नेतो. त्यात कळ फारशी नसते. लघवी कमी होत जाते, तोंडाची चव जाते, मळमळ सुरू होते, पायावर सूज येते आणि घरात समज होतो की अशक्तपणा आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत क्वचित मूत्रवाहिनी टाक्यात सापडते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत कुशीत दुखू लागले, ताप आला किंवा लघवी सतत झिरपू लागली तर ‘टाके ओले आहेत’ म्हणून गप्प बसू नये. क्षयरोगानेही ही नळी आकसते. गरोदरपणात मूत्रपिंड थोडे फुगणे, त्यातही उजव्या बाजूचे, हे नेहमीचे आहे. पण त्यासोबत ताप आणि कुशीतली कळ असेल तर ते नेहमीचे राहत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट अशी की कळ थांबली म्हणजे वाट मोकळी झाली असे नसते. काही दिवसांनी मूत्रपिंड दमते, लघवी कमी करते, आतला दाब उतरतो आणि दुखणेही उतरते. माणूस म्हणतो, ‘पडला वाटतं खडा.’ खडा मात्र जागच्या जागी असतो आणि मूत्रपिंड गपचूप सुकत चाललेले असते. वाट पूर्ण बंद झाली आणि आठवडाभरात मोकळी केली तर मूत्रपिंड बहुतांशी सावरते, पुढे प्रत्येक आठवड्याला नुकसान वाढते आणि सहा आठवड्यांनंतर हाती फारसे काही लागत नाही, असे प्रयोगांतून दिसलेले आहे. म्हणून खडा पडल्याचा पुरावा पाहिजे. खडा हातात मिळाला पाहिजे किंवा सोनोग्राफीत वाट मोकळी दिसली पाहिजे.

घाबरायचे कधी, आणि कधी नाही

आता कुणी म्हणेल, मुतखडा तर घरोघरी आहे, सगळ्यांनीच पुणे-सातारा गाठायचे का? तसे मुळीच नाही. मूत्रवाहिनीतला खडा ५ मिलिमीटरपर्यंतचा असेल तर शंभरांतल्या सुमारे ६८ जणांचा तो आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरचा असेल तर सुमारे ४७ जणांचा. म्हणजे बारीक खडा, ताप नाही, लघवी नीट होते, गोळीने कळ थांबते, अशा रुग्णाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार-सहा आठवडे वाट पाहिली तर चालते. सोनोग्राफीचा कागद दाखवून ‘आजच टेबलावर घ्यायला हवं’ असे भिवविणारा कुणी भेटला, तर त्याला ‘का?’ असे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

पण पुढच्या गोष्टींपैकी एक जरी असली तरी एक रात्रही घरी काढू नये.

पहिली, कुशीत कळ आणि त्यासोबत हुडहुडी भरून ताप. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले, पू झाला, की तो दाबाखाली सरळ रक्तात शिरतो. सकाळी चालत आलेला माणूस संध्याकाळी रक्तदाब उतरून बेशुद्ध होऊ शकतो. मधुमेह असेल तर धोका अधिकच.

दुसरी, लघवी बंद किंवा दिवसभरात अगदी कमी.

तिसरी, एकच मूत्रपिंड काम करत असलेला माणूस. जन्मतः एक असेल, एक काढलेले असेल किंवा मूत्रपिंड दान केलेले असेल, त्याच्या एका बाजूची कळ म्हणजे दोन्ही बाजूंची समजावी.

चौथी, उलट्या आणि कळ औषधाने न थांबणे, किंवा गरोदर बाईला कळ आणि ताप.

पाचवी, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम वाढलेले येणे. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस अचानक जातो.

याच ठिकाणी घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. हुलग्याला आमचा विरोध नाही. हुलग्याचे माडगे हे आपल्या दुष्काळी पट्ट्याचे अन्नच आहे, थंडीत जरूर प्यावे. पण मोरीला बोळा बसलेला असताना वरून पाणी सोडत राहिले तर बोळा निघत नाही, बांध फुटतो. लघवी बंद झालेल्या माणसाला तांब्यावर तांब्या पाणी पाजणे, ‘खडा ढकलायला’ सलाईनवर सलाईन चढवणे, याने खडा खाली येत नाही आणि अंगात पाणी मात्र साठते. नारळपाणी तर अशा वेळी देऊच नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड बंद असताना तेच विषासारखे काम करते. कळ थांबवणारे डायक्लोफेनॅकसारखे इंजेक्शन साध्या मुतखड्यात गुणकारी आहे. पण ज्याची लघवीच कमी झाली आहे, अंगातले पाणी आटले आहे, त्याच्या मूत्रपिंडाला तेच इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिल्याने इजा होते. म्हणून इंजेक्शन घेण्याआधी ‘लघवी किती झाली?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा, आणि त्यांनी नाही विचारला तर घरच्यांनी आपणहून सांगावे.

वाट मोकळी करण्याचे मार्ग

अशा रुग्णावर उपचाराचा एकच मोठा नियम आहे. आधी लघवीला वाट, मग जंतू आटोक्यात, मग खड्याचा बंदोबस्त. ताप असताना, पू झालेला असताना खडा फोडायला जाणे म्हणजे गळवावर काठी मारण्यासारखे आहे.

अडथळा मूत्राशयाच्या खाली असेल, जसे प्रोस्टेटमध्ये, तर लघवीच्या वाटेने साधी नळी, म्हणजे कॅथेटर, घातली की काम होते. ती जात नसेल तर बेंबीखालून मूत्राशयात नळी घालतात. हे काम तालुक्याच्या पातळीवर होऊ शकते आणि झालेच पाहिजे.

अडथळा वर, मूत्रवाहिनीत असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत एक बारीक लवचिक नळी सरकवायची. तिची दोन्ही टोके वळलेली असतात, म्हणजे ती जागची हलत नाही. हीच ‘डीजे स्टेंट’. दोन्ही टोके वळलेल्या या नळीचे वर्णन १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आले आणि तेव्हापासून ती जगभर रुळली. ती घालायला बहुधा पाठीत किंवा पूर्ण भूल लागते, शस्त्रक्रियागृह लागते आणि मूत्ररोगतज्ज्ञ लागतो.

दुसरा मार्ग पाठीतून. रुग्णाला पालथे झोपवायचे, तेवढीच जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत बघत पाठीतून सुई थेट फुगलेल्या मूत्रपिंडात घालायची आणि तिच्या वाटेने एक नळी बसवायची. लघवी बाहेरच्या पिशवीत येऊ लागते. याला ‘नेफ्रोस्टॉमी’ म्हणतात. अमेरिकेत विलार्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणजे ती सत्तर वर्षांची जुनी आहे. ज्याचा रक्तदाब उतरला आहे, ज्याला पूर्ण भूल देणे धोक्याचे आहे, अशा अत्यवस्थ माणसाला ती फार उपयोगी पडते. आणि हिची खुबी अशी की मूत्ररोगतज्ज्ञाखेरीज, शिक्षण घेतलेला क्ष-किरणतज्ज्ञही ती करू शकतो.

दोहोंत चांगली कोणती? १९९८ साली ४२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना झाली आणि एक दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे जी लवकर मिळेल ती चांगली. लवकरचे मोल किती, तेही एका हिशेबावरून कळते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रवाहिनीत खडा आणि रक्तात जंतुदोष अशी दोन्ही संकटे एकदम आलेले रुग्ण पाहिले गेले. ज्यांची वाट मोकळी केली त्यांच्यातले शंभरांत सुमारे ९ दगावले. ज्यांची केली नाही त्यांच्यातले सुमारे १९. औषधे दोघांनाही मिळत होती, आणि देश तर अमेरिका. मग आपल्याकडे पाच दिवस घरी काढून आलेल्या माणसाचे काय होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पोटॅशियम फारच वाढले असेल तर आधी औषधे आणि गरज पडल्यास डायलिसिस करून माणसाला सुई सोसण्याजोगा करावे लागते. पण इथे एक गैरसमज आहे. ‘डायलिसिस सांगितलंय, म्हणजे किडनी गेली’ असे ऐकून नातेवाईक हात-पाय गाळतात. तुंबल्यामुळे बंद पडलेले मूत्रपिंड गेलेले नसते, अडलेले असते. वाट मिळाली की पुष्कळदा ते पुन्हा चालू होते. म्हणून लघवी बंद झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाईकांनी एकच प्रश्न विचारावा, ‘सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलंय का?’

खंडाळ्याहून कुठे आणि कसे?

आपला तालुका हमरस्त्यावर आहे, हे भाग्य. खंडाळ्याहून सातारा ४५-५० किलोमीटर, पुणे ६०-६५ किलोमीटर. लोणंदकरांना दोन्हीकडे जायला थोडे जास्त. साताऱ्याकडे जायचे तर खंबाटकीचा घाट चढायचा, पुण्याकडे जायचे तर शहराच्या तोंडाशी वाहनांच्या रांगा. म्हणजे नकाशावर तासाभराचे अंतर आहे, पण प्रत्यक्षात ते किती तासांचे होईल हे घाटात उलटलेल्या एका ट्रकवर अवलंबून.

खरा वेळ मात्र रस्त्यात जात नाही, दारोदार फिरण्यात जातो. पहिल्या दवाखान्यात सोनोग्राफी नाही. दुसऱ्यात आहे, पण करणारे डॉक्टर सकाळी येणार. तिसऱ्यात सोनोग्राफी झाली, नळी घालणारा नाही. चौथ्यात सगळे आहे, पण आधी अनामत भरा. प्रत्येक ठिकाणी तास-दोन तास आणि प्रत्येक ठिकाणी एक सलाईन. म्हणून निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारावा, ‘मूत्रपिंड तुंबलंय, ताप आहे, आत्ता नळी टाकणारे डॉक्टर हजर आहेत का?’ होय म्हणतील तिकडेच जावे, मग ते दहा किलोमीटर लांब असले तरी. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. तीत डॉक्टर असतो. वडापच्या जीपमध्ये मागच्या फाळक्यावर झोपवून नेण्यापेक्षा ते कधीही बरे. निघताना लघवी शेवटची कधी झाली, ताप कधीपासून, कोणती इंजेक्शने झाली, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे एका कागदावर लिहून न्यावे. रक्त पातळ असेल तर पाठीत सुई घालताना रक्तस्राव होतो, म्हणून ही माहिती लपवू नये. आणि पुष्कळ वेळा विसरली जाणारी वस्तू म्हणजे रेशनकार्ड व आधारकार्ड.

रेशनकार्ड का, तर पैशासाठी. २०१२ साली राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि पुढे आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सर्व रेशनकार्डधारकांसाठी जाहीर झाले. मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया तीत आहेत. पण ती योजनेतल्या रुग्णालयातच मिळते. दारात शिरताच ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतो ते विचारावे. कागद नंतर आणण्याच्या बोलीवर, फोनवरून मंजुरी घेऊन तातडीचे उपचार सुरू करण्याची तरतूदही या योजनेत आहे. ती मागून घ्यावी लागते, कुणी आपणहून सांगेलच असे नाही.

सरकारने काय करावे?

इथपर्यंत आपले कर्तव्य झाले. आता सरकारचे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मूत्ररोगतज्ज्ञाची जागाच नसते आणि प्रत्येक तालुक्याला तो द्या, असे आम्ही म्हणत नाही. तसा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी मागणे रास्त आहे.

तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही वेळी सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी, कॅथेटर घालणारा हात आणि जंतुनाशक औषधाचा पहिला डोस मिळावा. एवढ्याने तुंबणे ओळखता येते आणि रुग्ण योग्य दिशेने निघतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी पाठीतून नळी घालण्याची सोय रात्री-अपरात्री, सणासुदीला, सुटीच्या दिवशीही मिळावी. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिथे डॉक्टर घडतात तिथे हे कौशल्य शिकवण्याची आणि वापरण्याची सोय झाली नाही तर कुठे होणार? शल्यचिकित्सक आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांना हे प्रशिक्षण द्यावे, त्यांच्या पाळ्या लावाव्यात आणि आज रात्री कोण हजर आहे हे १०८ च्या नियंत्रण कक्षाला कळवावे. म्हणजे रुग्णवाहिका चार दारे न हिंडता एकाच दारी जाईल.

यावर अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. तज्ज्ञ गावाकडे येत नाहीत, आले तर टिकत नाहीत, आणि ज्याला रोजचा सराव नाही अशाने सुई घालायची तर रक्तस्रावाची जबाबदारी कोण घेणार? ही शंका खोटी नाही. सुई चुकली तर रक्त जाते, बाजूच्या अवयवाला इजा होते. पण त्याचा अर्थ सोय करू नये असा होत नाही. ती एका ठिकाणी, पुरेशा रुग्णसंख्येवर, सराव असलेल्या हातांनी करावी असा होतो. म्हणूनच आम्ही तालुक्याला मागत नाही, जिल्ह्याला मागतो. आणि तज्ज्ञ लहान गावात टिकतच नाहीत म्हणावे तर गुजरातेत नडियादला बघावे. मुंबई नाही, अहमदाबाद नाही, खेडा जिल्ह्यातले ते एक साधे शहर. तिथे १९७८ साली मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल उभे राहिले आणि केवळ मूत्रविकारांच्या त्या रुग्णालयाचे नाव आज देशभर आहे. मोठ्या शहरांतले रुग्ण लहान गावात येतात, असा उलटा प्रवाह तिथे झाला. सहकाराचे एवढे जाळे विणणाऱ्या सातारा-सांगलीकरांना हे जमू नये?

रुग्ण कल्याण समित्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात आहेत. त्यांच्या बैठकीत रंगरंगोटी आणि बाकड्यांच्या खरेदीवर चर्चा होते. ‘गेल्या वर्षी आपल्याकडून तुंबलेल्या मूत्रपिंडाचे किती रुग्ण पुढे पाठवले, ते किती तासांनी पोचले आणि किती वाचले?’ हा प्रश्न एखाद्या सदस्याने एकदा तरी विचारावा.

नळी घातली म्हणजे संपले नाही

वाट मोकळी होताच काही रुग्णांना लघवीचा लोंढा सुटतो, दिवसाला कित्येक लिटर. त्यात अंगातले क्षार वाहून जातात. म्हणून ‘आता बरं वाटतंय, घरी नेतो’ असा आग्रह धरू नये. एक-दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्यावे.

पाठीतल्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहावी, नळीला पीळ पडू नये, ती ओढली जाणार नाही अशी चिकटवावी. ताप आला, नळीतून लघवी थांबली किंवा नळी निसटली तर त्याच दिवशी परत जावे.

आणि डीजे स्टेंटचे तर कॅलेंडरवर लिहूनच ठेवावे. ही नळी बाहेरून दिसत नाही. ती काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांच्या आत काढायची किंवा बदलायची असते. खुरपणी आली, कांद्याची काढणी आली, ऊसतोडीला टोळी निघाली आणि नळी आतच विसरली, असे घडते. मग त्या नळीवरच क्षारांचा थर चढतो, ती दगड होते आणि जिने वाचवले तीच नवे बूच होऊन बसते. रुग्णालयाने घरी सोडताना नळी काढण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्यावी आणि गावच्या आशाताईंकडेही ती नोंद असावी. पोलिओच्या डोसाची तारीख ज्या नेमाने सांगितली जाते त्याच नेमाने ही सांगितली जावी.

पाण्याबद्दलही एक गोष्ट. वाट मोकळी असताना मात्र पाणी हेच औषध. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी पोटात गेले तर खडा होण्याचा संभव बराच कमी होतो. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी तीन-चार लिटर प्यावे लागते. आडोसा नाही म्हणून रानात काम करणाऱ्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांचा दोष नाही. मजूर लावणाऱ्याने बांधावर पाण्याच्या घागरीबरोबर आडोशाची सोयही केली पाहिजे.

ज्या योजनेच्या भरवशावर गरिबाने रुग्णालयाची पायरी चढायची ती जोतिरावांच्या नावाची आहे, आणि सावित्रीबाई तर आपल्या तालुक्यातल्या नायगावच्या. ३ जानेवारीला तिथे दरवर्षी गर्दी होते, हार पडतात, भाषणे होतात. १८९७ च्या प्लेगात या बाईने आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत १० मार्चला स्वतःचा प्राण दिला. त्या काळी रस्ता नव्हता, गाडी नव्हती, उपचारही नव्हता. आज रस्ता सहापदरी आहे, गाडीचा फोन तीन आकड्यांचा आहे आणि उपचार म्हणजे एक सुई आणि एक नळी. येत्या ३ जानेवारीला नायगावच्या व्यासपीठावर जे कुणी मंत्री, आमदार येतील त्यांना तालुक्यातल्या लोकांनी एवढेच विचारावे, की साताऱ्यात ती नळी रात्री बारा वाजता कोण घालणार, त्याचे नाव सांगा.